पुनर्विकासात सोसायटीचा आर्किटेक्ट: त्याच्याकडून काय काय करून घ्यायचं

मुंबईत पुनर्विकासाला निघालेल्या इमारतीत सहसा दोन आर्किटेक्ट असतात. एक बिल्डरचा, तो पालिकेत नकाशे दाखल करतो, आयओडी (नकाशांना अटींसह मंजुरी) आणि सीसी (बांधकाम सुरू करायची परवानगी) काढतो. दुसरा सोसायटीचा, बहुतेक ठिकाणी त्याला पीएमसी, म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजमेंट कन्सल्टंट म्हणतात. बिल्डरचा आर्किटेक्ट मीटिंगला येऊन कितीही गोड बोलला तरी त्याला पैसे बिल्डर देतो. निम्मे घोळ कमिटी हे विसरते म्हणून होतात.

नेमण्याआधी नोंदणी बघा. 1972 च्या कायद्यानुसार वास्तुकला परिषदेत नाव नसलेल्याला स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही. क्रमांक ‘सीए’नं सुरू होतो, पुढे वर्ष आणि आकडा. फी टप्प्याटप्प्यानं आणि सोसायटीच्याच चेकनं द्या. बिल्डरकडून ती नंतर वसूल करता येते. बिल्डर परस्पर देणार असेल, तर तुमचा माणूस त्याच्या बाजूनं झुकायला वेळ लागत नाही.

खरं काम फिजिबिलिटी रिपोर्टपासून, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येईल या अहवालापासून सुरू होतं. प्रॉपर्टी कार्डावरचं क्षेत्र, कन्व्हेयन्समधलं (जमीन सोसायटीच्या नावावर करणाऱ्या दस्तातलं) क्षेत्र आणि प्रत्यक्ष मोजणी हे तीन आकडे शेजारी-शेजारी मांडायला सांगा. ते क्वचितच जुळतात, आणि एफएसआय, म्हणजे प्लॉटवर किती बांधकाम करता येईल ते, त्यावरच ठरतो. रस्तारुंदीत जाणारी जागा, विमानतळाची उंचीमर्यादा, सीआरझेड (किनाऱ्यालगतच्या बांधकामावरचे निर्बंध) हेही त्यात हवं. तीस वर्षांहून जुन्या इमारतीला मुंबईच्या विकास नियमावलीतल्या (डीसीपीआर 2034) 33(7)(बी) खाली काय जादा मिळतं, तो हिशेबही मागा.

सगळ्यात जास्त भांडणं कार्पेटवरून, म्हणजे फ्लॅटच्या आतल्या वापराच्या क्षेत्रावरून होतात. जुन्या फ्लॅटचं माप बहुधा भिंतीच्या आतून आतून घेतलेलं असतं. रेराच्या (घरखरेदीदारांसाठीच्या कायद्याच्या) कार्पेटमध्ये मात्र आतल्या भिंतींची जाडी धरतात आणि स्वतंत्र बाल्कनी वगळतात. समजा, जुना फ्लॅट बंद केलेल्या 40 फुटांच्या बाल्कनीसह 450 चौरस फूट आहे. ‘20 टक्के जादा’ 450 वर दिलं तर 540 होतात, बाल्कनी सोडून 410 वर दिलं तर 492. फरक 48 फुटांचा, म्हणजे सहा बाय आठचं किचन गेलं. शिवाय नव्या आकड्यात आतल्या भिंती आहेत, ते वेगळंच. म्हणून आर्किटेक्टनं प्रत्येक फ्लॅटचा तक्ता दोन्ही पद्धतींनी करावा, सभासदाची सही घ्यावी आणि करारात पद्धतीची व्याख्या घालावी. हे टेंडरआधीच व्हायला हवं.

आयओडीचे नकाशे आले की ते करारातल्या नकाशांशी ताडून बघणं त्याचंच काम. खोलीत सरकलेला कॉलम आणि अरुंद झालेला पॅसेज इथेच सापडतो. स्लॅब पडल्यावर सापडून उपयोग नाही.

साइटवर प्रत्येक स्लॅबच्या आधी लेखी व्हिजिट रिपोर्ट मागा: कॉलमची जागा, बाथरूमच्या संकची (पाइपांसाठी खाली घेतलेल्या स्लॅबची) खोली, पाइपांसाठी सोडलेली भोकं. सळ्या तपासणं मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरचं काम. आर्किटेक्टनं त्याची सही झालीय का एवढं बघायचं. समुद्राजवळ कव्हरचा, म्हणजे सळ्यांवरच्या काँक्रीटच्या थराचा प्रश्न नाजूक असतो. काँक्रीटच्या भारतीय मानकात, आयएस 456 मध्ये, मध्यम तीव्रतेच्या हवेला 30 मिमी आणि तीव्र हवेला 45 मिमी कव्हर सांगितलंय. तुमच्या नकाशावर कोणतं धरलंय, ते लिहून घ्या.

रेरा प्रकल्पात खरेदीदारांच्या पैशातले 70 टक्के वेगळ्या खात्यात राहतात आणि ते काढायला आर्किटेक्ट, इंजिनिअर व चार्टर्ड अकाउंटंट या तिघांचे दाखले लागतात. यातला आर्किटेक्टचा दाखला बिल्डरचा आर्किटेक्ट देतो. त्यावरचं ‘काम झालं’ आणि साइटवरचं काम जुळतं का, हे तुमच्या माणसाकडून तपासून घ्या.

ओसी (पालिकेचा राहायला परवानगीचा दाखला) हातात आल्याशिवाय चावी घेऊ नका. मग फ्लॅटवार दोषयादी करा आणि बाथरूम, गच्चीवर किमान 48 तास पाणी साठवून खालच्या मजल्याचं छत बघा. शेवटचं बिल देण्याआधी अ‍ॅज-बिल्ट, म्हणजे प्रत्यक्ष बांधलं तसे नकाशे मागा, पाइप आणि वायरिंगच्या मार्गांसकट. हँडओव्हरनंतर ते शोधायला कुणी येत नाही, आणि गळती झाली की प्लंबर टाइल फोडत सुटतो.