मृत्युपत्रातून दान कसं करावं

अमरावती रोडवरची लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था १९४२ मध्ये सुरू झाली, ती रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी नागपूर विद्यापीठासाठी मागे ठेवलेल्या संपत्तीतून. पैसा कशासाठी, तेही त्यांनी सांगून ठेवलं होतं: उपयोजित विज्ञान आणि रसायनशास्त्राच्या शिक्षणासाठी. तुमचं दान एका फ्लॅटचं किंवा मुदत ठेवीचं असलं, तरी हेतू असाच स्पष्ट लिहायला हवा.

आधी आपलं काय आहे ते बघा. स्वतः कमावलेलं हवं त्याला देता येतं. वडिलोपार्जित मालमत्तेत फक्त आपल्या हिश्श्यापुरतं. मुस्लिम कायद्यात वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापर्यंतच. शेती संस्थेच्या नावे करायची असेल, तर वकिलाला विचारल्याशिवाय एक ओळही लिहू नका.

मग संस्था निवडा. सार्वजनिक न्यास म्हणून तिची धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आहे ना, हे तपासा. मृत्युपत्रात तिचं पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक आणि पत्ता घाला. नुसतं ‘अनाथाश्रमाला द्यावे’ लिहिलं, की कोणत्या, यावरून वारसांत भांडण ठरलेलं.

हेतू लिहिताना मात्र हात थोडा सैल सोडा. ‘गरजू विद्यार्थिनींच्या शिक्षणासाठी’ हे पन्नास वर्षांनीही लागू पडेल; ‘अमुक वसतिगृहातल्या खोलीसाठी’ लिहिलं आणि वसतिगृहच बंद पडलं तर? म्हणून ती संस्था उरली नाही तर पैसा कुठे जावा, हेही लिहा. ठरावीक रकमेपेक्षा टक्केवारी बरी. आजारपणात ठेवी आटल्या, तरी घरच्यांचा वाटा त्याच प्रमाणात राहतो.

मृत्युपत्राला स्टॅम्पपेपर लागत नाही, साधा कागद चालतो. दोन साक्षीदारांसमोर सही करा, त्यांनी तुमच्यासमोर करावी. ज्यांना काही मिळणार आहे, त्यांना साक्षीदार करू नका. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकांकडे जरूर करा. वय झालं असेल तर डॉक्टरांचा दाखला जोडा. अंमलबजावणीसाठी आपल्यापेक्षा लहान, विश्वासाचा माणूस नेमा. बँकेतलं नामनिर्देशनही तपासा: नॉमिनी मालक होत नसला, तरी पैसे आधी त्याच्याच हातात पडतात.

आयकरातली सवलत हयातीत दिलेल्या देणगीवर मिळू शकते, मृत्युपत्रातल्या दानावर नाही. त्यामुळे जमत असेल तर थोडं आत्ताच द्या. संस्था पैसा कसा वापरते, तेही कळेल. आणि मुलांना हे सगळं आपल्या तोंडून सांगा. त्यांना वकिलाच्या टेबलावर पहिल्यांदा कळलं, तर ते कोर्टात जाण्याची शक्यता कितीतरी वाढते.