पोलिशमधलं 'कुठे?': फ्रिज, टेबल आणि प्रागा

वॉर्सात आले तेव्हा व्हिस्टुला नदीच्या उजव्या काठाला, प्रागा भागात खोली मिळाली. भाषेच्या वर्गात बाईंनी विचारलं, कुठे राहतेस? मी म्हणाले, 'फ प्राजे' (ज 'जाळ्या'तला). त्या चकित झाल्या. रोज इतक्या लांबून? कारण 'फ प्राजे' म्हणजे चेक देशाच्या राजधानीत, प्राग शहरात! पोलिशमध्ये त्याचंही नाव 'प्रागा'च. वॉर्सातल्या प्रागासाठी 'ना प्राजे' म्हणायचं. नामाचं रूप अगदी तेच, फरक फक्त आधीच्या शब्दाचा.

'व्' (पुढच्या अक्षरानुसार कधी 'फ') म्हणजे आत आणि 'ना' म्हणजे वर, हे फ्रिज-टेबलापुरतं ठीक आहे. पण शाळेत, बँकेत 'व्' आणि पोस्टात, स्टेशनवर, विमानतळावर 'ना'. पोलंडमध्ये 'व्', लिथुआनियात आणि हंगेरीत 'ना'. यात तर्क शोधत बसू नका. नवं ठिकाण शिकताना ते 'व्' किंवा 'ना' सकटच पाठ करा.

नामाचं रूप बदलतं त्याला मात्र घाबरू नका. शाळा-शाळेत, पुणे-पुण्यात हे आपण न शिकता करतो, तसंच हे. 'लोदूफ्का' म्हणजे फ्रिज, दूध फ्रिजमध्ये आहे म्हणजे 'म्लेको येस्त व् लोदूफ्चे'. 'क'चा 'च' झाला, आणि तोही आपण 'चमचा' म्हणताना येतो तो च. इंग्रजीतून शिकणाऱ्यांना तो समजवावा लागतो, आपल्या तोंडात तो आहेच.

मराठी माणूस अडकतो तो दुसरीकडेच. 'शाळेत आहे' आणि 'शाळेत जाते', दोन्हीकडे आपलं 'शाळेत'. पोलिशमध्ये असणं वेगळं, जाणं वेगळं: आहे तेव्हा 'फ श्कोले', जाते तेव्हा 'दो श्कोवी'. मांजर टेबलाखाली बसलंय तर 'पोत स्तोवेम', टेबलाखाली शिरलं तर 'पोत स्तूव'. हे अंगवळणी पडायला मला वर्ष लागलं. स्वयंपाक करताना हातातल्या प्रत्येक वस्तूबद्दल दोन्ही वाक्यं मोठ्याने म्हणायचे, आधी कुठे ठेवतेय, मग कुठे आहे. त्याचा जेवढा उपयोग झाला तेवढा व्याकरणाच्या तक्त्यांचा झाला नाही.

गावांची नावंही बदलतात. मुंबई म्हणजे 'मुंबाय', मुंबईत म्हणजे 'व् मुंबायु'. पुणे मात्र जसंच्या तसं, 'फ पुने'. जन्मभर 'पुण्यात' म्हणत आलेली माझी जीभ तिथे अजून क्षणभर थांबते.