घरी पाहुणे उतरतात, तर घराचा इतिहास आधी नीट जमवा

आमचं घर बेड अँड ब्रेकफास्ट म्हणून सुरू केलं, तेव्हा पहिल्याच आठवड्यात एका पाहुण्यांनी विचारलं, "हे घर कधीचं?" मी बेधडक सांगितलं, "पणजोबांनी बांधलं, सगळं एका दमात." लहानपणापासून तेच ऐकलं होतं. पुढे माळा झाडताना दिसलं की पुढच्या तुळयांवर करवतीच्या सरळ, कमीजास्त अंतराच्या रेघा आहेत, आणि मागच्या दोन खोल्यांच्या तुळयांवर कमानीसारख्या वळलेल्या. पहिल्या हातकरवतीच्या, दुसऱ्या यंत्रावरच्या गोल करवतीच्या. मागची बाजू बहुधा नंतरची. त्या पाहुण्यांना मी चुकीचं सांगितलं, हे मनाला फार लागलं.

म्हणून सांगते, आधी घरातल्या वडीलधाऱ्यांकडे जा. कागद थांबतील, माणसं थांबत नाहीत. मात्र "जुन्या गोष्टी सांगा" म्हणू नका. त्याने ठरलेल्या दोन-तीन गोष्टीच बाहेर येतात. त्यांना हाताला धरून खोल्याखोल्यांतून फिरवा. मोठ्या आत्याला मी बंद जिन्यापाशी नेलं, तर तिचा हात आपोआप भिंतीवर गेला. "इथे कंदिलाचा खिळा होता गं." रंगाच्या थराखाली भोक खरंच सापडलं. साल विचारू नका. "धाकटे काका जन्मायच्या आधी की नंतर?" असं विचारा. आणि दोघांना एकत्र बसवू नका, एकाची आठवण दुसऱ्याच्या तोंडी जाते. परवानगी घेऊन रेकॉर्डिंग करा.

कागदांत खरेदीखत, मृत्युपत्र, घरपट्टीच्या पावत्या बघाच, पण माझ्या मते सगळ्यात बोलकं असतं वाटणीपत्र. कोणाला कोणती खोली, कोणत्या दारातून वहिवाट, सगळं शब्दांत लिहिलेलं असतं. ते हातात घेऊन घरात चाला. कागदावर आहे आणि भिंतीत नाही असं दार दिसलं, तर तिथे ठोकून बघा. पावतीवर पट्टी एकदम वाढलेली दिसली तर वाढीव बांधकामाचा संशय घ्या, पण दरही वाढलेला असू शकतो.

मग भिंती, कड्या, बटणं. पोर्टलंड सिमेंटचं पेटंट 1824 चं, बेकेलाइटचा (विजेच्या जुन्या बटणांच्या प्लॅस्टिकचा) शोध 1907 चा, अधिकच्या चिन्हासारखी खाच असलेला स्क्रू 1930 च्या दशकातला. या खुणा फक्त "याच्या आधीचं नाही" एवढंच सांगतात. बिजागरीतला स्क्रू कधीकाळी बदललेला असतो, तो दुरुस्तीचा काळ सांगेल, घराचा नाही. म्हणून जिथे कोणी हात लावत नाही तिथे शोधा: माळा, जिन्याखालची पोकळी, कपाटामागची भिंत. तुळईसुद्धा दुसऱ्या घरातून काढून आणलेली असू शकते. जुन्या खाचा रिकाम्या दिसल्या तर तसं समजा. रंगाचे थर बघायची हौस आवरा. जुन्या रंगांत शिसं असू शकतं, कोरडं खरवडलं की ती धूळ श्वासात जाते. आधी तपासून घ्या.

फोटोंच्या मागे बॉलपेनने लिहू नका, दाब पुढे उमटतो. मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने नावं लिहा. चिकट पानांच्या अल्बममध्ये फोटो ठेवू नका.

लिहिताना प्रत्येक वाक्यापुढे खूण करते: कागद, भिंत की सांगोवांगी. वास्तुजतनाबद्दलच्या 1964 च्या व्हेनिस सनदेत म्हटलंय की जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. तोच नियम मी मजकुराला लावला. आजीची गोष्ट काढली नाही; "आजी सांगायची" असं वर लिहून ती ठेवली, कारण ती गोष्टही या घराचीच आहे. भाऊबंदकी, आजारपणं, कोणाचं घर सोडून जाणं, हे मात्र त्या शाखेतल्या माणसांना विचारल्याशिवाय पाहुण्यांपुढे मांडू नका. आमच्याकडे एक पान असंच काढून ठेवलंय.

सगळा इतिहास दिवाणखान्यात टांगला तर कोणी वाचत नाही. ज्या खोलीचा तो मजकूर त्याच खोलीत, पाच-सहा ओळी, दिव्याजवळ. जिन्यापाशी मी एवढंच लिहिलंय: "इथे कंदील टांगत. भोक खांद्याच्या उंचीला आहे, बोट लावून बघा."