पाहुण्यांची अनामत: किती घ्यायची, कधी कापायची, कशी परत करायची

भाडं आपलं असतं, अनामत पाहुण्याची असते. दोन-तीन दिवस सांभाळायला दिलेले पैसे आहेत ते. हे आधी स्वतःच्या मनात पक्कं करा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

दापोली तालुक्यात समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आमची वाडी आहे. मागच्या घरात आम्ही राहतो. पुढच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पडवी पाहुण्यांना देतो. आजूबाजूच्या गावांत नव्याने घर देऊ लागलेल्या बायका मला भेटल्या की एकच विचारतात: काही मोडलं तर पैसे मागायचे कसे? मी त्यांना आधी पाहुणे यायच्या आदल्या दिवसाबद्दल सांगते, कारण नुकसानभरपाई मिळणार की नाही, हे तेव्हाच ठरतं.

रक्कम ठरवताना घरातल्या सगळ्यांत महाग वस्तूकडे बघू नका. टीव्ही फुटेल या भीतीने पंचवीस हजार मागितले तर पाहुणा शेजारच्या घरी जाईल, आणि टीव्ही काही दर हंगामात फुटत नाही. नेहमी काय जातं ते बघा: एसीचा रिमोट, किल्ली, टॉवेल, मिक्सरचं भांडं, चादर, नळाची तोटी, झोपाळ्याची कडी. एका मुक्कामात यातलं जास्तीत जास्त जेवढं होईल, तेवढी अनामत पुरे. आमचं एका रात्रीचं भाडं ४,००० रुपये आणि अनामत ३,०००. आठाहून जास्त माणसं असली तर ५,०००. मुलांचा गट दिसला की वाढवायची आणि कुटुंब दिसलं की माफ करायची, असं मी करत नाही. नियम डोक्यांच्या संख्येवर असावा, तोंडाकडे बघून नसावा. आमच्या घराची सगळ्यांत जास्त नासधूस एका लग्नाच्या वऱ्हाडाने केली होती, आणि सगळ्यांत स्वच्छ घर कॉलेजच्या मुलांनी सोडलं होतं.

पैसे भाड्यात मिसळून घेऊ नका. अनामतीचा यूपीआय व्यवहार वेगळा करायला सांगा आणि शेऱ्यात ‘अनामत’ आणि मुक्कामाच्या तारखा लिहायला सांगा. रोख शक्यतो नकोच. निघताना फाटकाशी नोटा मोजत उभं राहिलं की साधं बोलणंसुद्धा भांडणासारखं वाटतं. आणखी एक नियम: ज्याच्याकडून आले त्याच्याच खात्यात परत. गटात पैसे एकाने भरलेले असतात आणि निघताना दुसरा म्हणतो, माझ्याकडे टाका, मी देतो त्याला. नम्रपणे नाही म्हणा. आणि हे पैसे घरखर्चाच्या खात्यात ठेवू नका. मे महिन्यात पाण्याचा टँकर, गॅस, मासळी यांत पैसा कधी जातो कळत नाही, आणि मग परत करायला दोन दिवस उशीर होतो. पाहुण्याला तो उशीर लबाडी वाटते, आणि त्यात त्याचं चुकत नाही.

अटी व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा आणि ‘मान्य’ असं उत्तर आल्याशिवाय आरक्षण पक्कं करू नका. अटी लांबलचक नकोत. अनामत किती, कशासाठी कापली जाईल, वस्तूंचे दर काय, परत कधी मिळेल, एवढंच. दर खरे ठेवा: रिमोट ४५० रुपये, टॉवेल ३००, कुलूप-किल्ली २५०, जे बाजारात द्यावं लागतं तेच.

इथे दंडाबद्दल स्पष्ट बोलते. ‘खोलीत सिगारेट ओढल्यास १०,००० रुपये दंड’ अशा पाट्या पुष्कळ घरांत दिसतात. पाटी लावली म्हणून ते पैसे आपले होत नाहीत. भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे. त्याचं कलम ७४ सांगतं की करारात रक्कम लिहिलेली असली तरी ती फक्त वरची मर्यादा असते, मिळते ती त्याच्या आतली वाजवी भरपाई. २०१५ मध्ये कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच ठासून सांगितलं: नुकसानच झालं नसेल तर दुसऱ्याचे आगाऊ पैसे जप्त करता येत नाहीत. तो खटला जमिनीच्या मोठ्या सौद्याचा होता, पण तत्त्व आपल्या ३,००० रुपयांनाही लागू आहे. सिगारेटच्या वासाने पडदे धुवावे लागले तर धुलाईचे पैसे घ्या. चादरीला भोक पडलं तर चादरीचे घ्या. रागाचे पैसे घेऊ नका.

आता आदल्या दिवशीचा व्हिडिओ. हे काम मी कोणावर सोपवत नाही. फाटकापासून सुरू करून न थांबता सगळं घर फिरायचं. गाद्या चादर घालण्याआधी दाखवायच्या, दोन्ही बाजूंनी. टीव्ही चालू करून दाखवायचा, कारण पडद्याची आतली चीर बंद टीव्हीवर दिसत नाही. एसी रिमोटने सुरू करायचा, गीझरचा दिवा लागलेला, फ्लश ओढलेला, ओट्याचा कडप्पा, कपाटाची दारं, ग्लास आणि ताटं ओळीने मांडलेली. जे आधीच बिघडलंय ते मुद्दाम जवळून दाखवायचं आणि तोंडाने बोलायचं: ‘या आरशाचा कोपरा आधीपासून उडालेला आहे.’ मग तो व्हिडिओ नुसता स्वतःच्या फोनमध्ये न ठेवता पाहुण्याला पाठवायचा आणि लिहायचं: ‘आल्यावर दोन तासांत यापेक्षा वेगळं काही दिसलं तर लगेच कळवा.’ पाठवल्याची वेळ तिथेच नोंदली जाते, आणि पाहुण्यालाही कळतं की जुन्या चिरा त्याच्या नावावर लावल्या जाणार नाहीत. त्याला जो विश्वास येतो तो मला पुराव्याहून मोलाचा वाटतो.

घरात कॅमेरे लावायचा विचार असेल तर सोडून द्या. फाटकावर, बाहेरच्या बाजूला असेल तर तो आधी सांगून ठेवा. पाहुण्यांना घरं मिळवून देणाऱ्या एअरबीएनबी या संकेतस्थळाने तर ३० एप्रिल २०२४ पासून घराच्या आतल्या कॅमेऱ्यांवर जगभर बंदी घातली आहे, आणि मला ती योग्य वाटते. माणसं सुट्टीला येतात, पहाऱ्यात राहायला नाही.

निघायच्या वेळी पाहुण्यांना अंगणात ताटकळत ठेवून चमचे मोजू नका. त्यांचा चहा होईपर्यंत सफाईच्या मावशी एक फेरी मारतात: रिमोट, किल्ल्या, काचेचं सामान, बाथरूम. तिथे काही दिसलं तर तिथेच, ज्याने आरक्षण केलं त्या एकट्या पाहुण्याला बाजूला घेऊन सांगायचं, सगळ्या गटासमोर नाही. बाकीचं संध्याकाळपर्यंत बघून कळवते, असं सांगून निरोप द्यायचा. आणि नुकसान दिसलं की झाडू मारण्याआधी फोटो. आवरल्यानंतरच्या फोटोला काही अर्थ नसतो.

मग येतो खरा अवघड भाग: नुकसान कशाला म्हणायचं?

समुद्राकाठी निम्मं नुकसान हवाच करते. खाऱ्या वाऱ्याने बिजागऱ्या गंजतात, कुलपं अडकतात, टीव्ही आणि एसीचे सुटे भाग आपलं आयुष्य पुरं होण्याआधी जातात. विजेचा दाब खाली-वर झाला की फ्रिज बसतो. पावसाळ्यात गादीला बुरशीचे ठिपके येतात. यातलं काहीही पाहुण्याच्या माथी मारू नये. आमच्याकडे काचेची शेगडी होती. बारा जणांचा रस्सा करायला पाहुण्यांनी मोठं पातेलं चढवलं आणि काच तडकली. त्यांनी पैसे देऊ केले, मी घेतले नाहीत, कारण बारा माणसांना घर देऊन छोट्या शेगडीवर रांधायला लावलं होतं आम्हीच. आता तिथे पितळी बर्नरची स्टीलची शेगडी आहे. जी वस्तू दोनदा फुटते तिचं काम अनामतीने होत नाही, ती बदलायचीच असते.

डागांच्या बाबतीत आधी धुऊन बघा. हळदीचा डाग साबणाने लाल होतो, तेव्हा घाबरू नका. धुऊन कडक उन्हात टाकला की दोन-तीन दिवसांत फिका पडतो, बहुतेकदा जातोच. रक्ताचा डाग गार पाण्यात भिजवायचा, गरम पाण्याने तो पक्का बसतो. मेंदी आणि केसांचा रंग मात्र जात नाही, तिथे चादर गेली असं धरा. निघालेल्या डागाचे पैसे घ्यायचे नाहीत.

तुंबलेल्या संडासाचा वाद सगळ्यांत कडू. सॅनिटरी पॅड किंवा ओले टिश्यू फ्लशमध्ये टाकले की सेप्टिक टाकीची वाट अडते, पण ती अडते आठ-दहा गटांनंतर, आणि सापडतो तो शेवटचा. त्याने टाकलं हे तुम्ही दाखवू शकत नाही. म्हणून मागू नका. प्रत्येक बाथरूममध्ये झाकणाची बादली, शेजारी जुनी वर्तमानपत्रं आणि भिंतीवर एक ओळ लिहिलेली, एवढ्याने आमच्याकडचं तुंबणं जवळजवळ थांबलं. वाळूचंही तसंच: अंगणात पाय धुवायला नळ काढा, मग मोरीत वाळू जात नाही.

खरंच भरपाई घ्यायची असेल तर वस्तूचं वय वजा करा. गादी ९,००० रुपयांची, सहा वर्षं टिकणारी, चार वर्षं वापरलेली. उरलेली किंमत एक तृतीयांश, म्हणजे ३,०००. नव्या गादीचे पूर्ण पैसे मागितले तर आपली जुनी गादी पाहुण्याच्या खर्चाने नवी होते, आणि शहाणा पाहुणा हे लगेच ओळखतो. दुरुस्ती होत असेल तर दुरुस्तीचेच पैसे. यासाठी खरेदीची बिलं लागतात. दुकानाच्या छापील चिठ्ठ्या कोकणच्या दमटपणात वर्षभरात कोऱ्या होतात, म्हणून घेतल्या दिवशी फोटो काढून ठेवा आणि वहीत तारीख, वस्तू, किंमत लिहा.

कळवताना आरोप नको, आधी विचारा. मी साधारण असं लिहिते: ‘नमस्कार, सुखरूप पोहोचला असाल. खोली आवरताना मोठ्या गादीच्या कव्हरला उजवीकडे फाटलेलं दिसलं, फोटो पाठवते. आदल्या दिवशीच्या व्हिडिओत ते नाही. काय झालं होतं ते सांगाल का?’ बहुतेक माणसं सरळ सांगतात. मग दुसरा निरोप: ‘कव्हर शिवून होत नाही, बदललं. ६५० रुपये, बिल सोबत. ३,००० मधून वजा करून २,३५० पाठवले आहेत.’ कापलेले पैसे, बिल आणि परतीचा व्यवहार एकाच दिवशी. काही कापायचं नसेल तर पाहुणे ताम्हिणी घाट चढून पुण्यात पोहोचायच्या आत अनामत त्यांच्या खात्यात असावी, असा माझा आग्रह असतो. एखाद्या गोष्टीचा निकाल लागायचा असेल तर तेवढी रक्कम ठेवून बाकीची लगेच द्या. पूर्ण अनामत अडवून धरणं चूक आहे. एक कप, दोन ग्लास फुटले तर मी काहीच कापत नाही. स्वतः येऊन ‘काकू, हे आमच्या मुलाकडून झालं’ असं सांगणाऱ्याकडून निम्मेच घेते. सांगणाऱ्याला आणि लपवणाऱ्याला एकच वागणूक दिली तर पुढे कोणी सांगणार नाही.

पाहुणा मानायलाच तयार नसेल तर एकदा बोला, एकदा लिहा आणि थांबा. पोलिसांचा धाक घालू नका. चुकून फुटलेली वस्तू गुन्हा नसते. मुद्दाम केलेली मोडतोड किंवा चोरी असेल तेव्हाच पोलीस ठाणं. अनामतीहून मोठं नुकसान असेल तर वकिलाची नोटीस आणि दिवाणी दावा हा मार्ग आहे, पण पाच-सात हजारांसाठी तो परवडत नाही. उलट पाहुणा मात्र ग्राहक आहे. विनाकारण कापलेल्या पैशांसाठी तो १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर जाऊ शकतो आणि जिल्हा ग्राहक आयोगातही. तेव्हा आपल्याकडे व्हिडिओ, फोटो, बिल, निरोप हे चारही असले पाहिजेत.

एअरबीएनबीवरून येणाऱ्यांकडून दारात वेगळी अनामत घ्यायला परवानगी नाही. तिथे पाहुणा निघाल्यापासून १४ दिवसांच्या आत त्यांच्या संकेतस्थळावर मागणी टाकायची असते, पाहुण्याला उत्तरासाठी २४ तास मिळतात, त्याने नाकारलं किंवा उत्तर दिलं नाही तर कंपनीला मध्ये घेता येतं. नेहमीच्या वापराने झालेली झीज ते मानत नाहीत. बोलणं त्यांच्याच निरोपांत ठेवा, बाहेर फोनवर नको. आणि ‘पैसे द्या नाहीतर वाईट अभिप्राय लिहीन’ असं कधी म्हणू नका, तो त्यांच्या नियमांचा भंग आहे आणि माणसाला न शोभणारा तर आहेच.

शेवटी उलट दाव्याचं बघा, कारण नुकसान पाहुण्याचंही होतं. नारळ गाडीच्या काचेवर पडला तर बोलणं ऐकायचं आपण. गाड्या माडाखाली लावू देऊ नका, जागा चुन्याने आखून द्या आणि हंगामाआधी माडावर चढणाऱ्या पाडेल्याकडून सुके नारळ, झावळ्या उतरवून घ्या. पडवीची लादी पावसात निसरडी होते तिथे काथ्याची पायपुसणी टाका, झोपाळ्याची कडी दर महिन्याला हाताने ओढून बघा. तरीही आपल्या चुकीने पाहुण्याचं काही मोडलं, तर बिल मागा आणि वय वजा करून पैसे द्या, त्यांच्याकडून घेतो त्याच हिशेबाने.