तत्त्वज्ञानाचे प्रश्न सोडवताना या चुका टाळा

ज्ञान म्हणजे काय? बहुतेकांचं उत्तर तयार असतं: जे खरं आहे, जे आपल्याला पटलंय आणि ज्याला आधार आहे, ते ज्ञान. व्याख्या जमली म्हणून वही मिटणं ही पहिली चूक.

समजा, भिंतीवरचं घड्याळ काल रात्री १० वाजून २० मिनिटांनी बंद पडलं. आज सकाळी नेमकं १०:२० ला तुम्ही त्याच्याकडे बघता आणि वेळ सांगता. वेळ खरी, तुमची खात्री पक्की, घड्याळ बघून सांगितलं म्हणजे आधारही आहे. तरी तुम्हाला वेळ 'माहीत होती' म्हणायला मन धजत नाही. बंद घड्याळाचा हा दाखला बर्ट्रंड रसेल यांनी १९४८ मध्ये दिला. १९६३ मध्ये एडमंड गेटियर यांनी जेमतेम ३ पानांच्या लेखात हीच फट उघडी केली. त्याच्या कितीतरी आधी, आठव्या शतकात, बौद्ध तार्किक धर्मोत्तर याने दुरून किड्यांचा थवा बघून त्याला धूर समजणारा माणूस उभा केला होता. 'तिथे आग आहे' असं तो म्हणतो आणि आग खरंच असते. फक्त धूर अजून निघालेला नसतो.

तेव्हा व्याख्या केलीत की ती मोडणारं उदाहरण स्वतःच शोधा. सापडलं की घाईने चौथी अट चिकटवू नका. योगायोग कुठून आत शिरला ते आधी बघा.

नीतीच्या प्रश्नात घोटाळा 'म्हणून' या शब्दापाशी होतो. 'निसर्गात बलवान दुबळ्याला खातो, म्हणून माणसांतही तसंच चालावं.' 'आहे' वरून 'असावं' वर ही उडी कशी मारली, हे डेव्हिड ह्यूम यांनी अठराव्या शतकातच विचारलं होतं. गाळलेलं वाक्य कागदावर लिहून काढा: 'निसर्गात घडतं ते योग्यच असतं.' एवढं लिहिलं की म्हणणाराच कचरतो, कारण रोगसुद्धा निसर्गातच होतात.

मनाबद्दल बोलताना माणसं दोन टोकांना घसरतात. दुखताना मेंदूचा कोणता भाग सक्रिय होतो हे कळलं की एक जण म्हणतो, जाणिवेचं कोडं सुटलं. पण दुखणं अनुभवाला का येतं, हा प्रश्न तसाच उरतो. १९९५ मध्ये डेव्हिड चाल्मर्स यांनी त्यालाच 'कठीण प्रश्न' म्हटलं. दुसरा लगेच म्हणतो, म्हणजे मन शरीरापासून वेगळं आहे. त्याने बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिचं १६४३ मधलं पत्र वाचावं. ज्याला आकारमानच नाही ते मन शरीराला हलवतं कसं, असं तिने मन आणि शरीर वेगळं मानणाऱ्या तत्त्वज्ञ देकार्तला थेट विचारलं होतं. मला विचाराल तर देकार्तची उत्तरं तिच्या प्रश्नापुढे फिकी पडतात.

भरधाव गाडीच्या वाटेत रुळावर असलेल्या ५ जणांना वाचवायला एकाचा बळी द्यावा का, या कोड्यात 'मी ओरडून सांगेन' अशी पळवाट काढू नका. अटी मुद्दाम आवळलेल्या असतात.

आणि वाद तासभर एकाच जागी फिरत राहिला, तर शब्द तपासा. इच्छास्वातंत्र्य म्हणताना एकाच्या मनात 'कुणी जबरदस्ती केली नाही' एवढंच असतं, दुसऱ्याला मात्र कार्यकारणाच्या साखळीतूनच सुटका हवी असते.