टारबॉलमधून लिनक्सवर सॉफ्टवेअर कसं बसवायचं

हवं ते सॉफ्टवेअर आधी पॅकेज मॅनेजरमध्ये शोधा: उबुंटू-डेबियनवर एपीटी, फेडोरावर डीएनएफ. तिथे मिळालं तर पुढचं वाचायची गरज नाही. पॅकेज मॅनेजर सॉफ्टवेअर बसवतो, अपडेट करतो आणि नकोसं झालं की काढूनही टाकतो. टारबॉलमधून, म्हणजे अनेक फाइली एकत्र बांधून दाबलेल्या गाठोड्यातून, बसवलंत की ही सगळी कामं तुमच्याच गळ्यात पडतात. पण तिथली आवृत्ती फार जुनी असेल किंवा ते सॉफ्टवेअर तिथे नसेलच, तर दुसरा मार्ग उरत नाही.

टारबॉलच्या नावाला बहुधा दोन शेपट्या असतात: डॉट टार डॉट जीझेड किंवा डॉट टार डॉट एक्सझेड. टार हा युनिक्सच्या १९७९ सालच्या सातव्या आवृत्तीतला प्रोग्राम, टेपवर फाइली साठवण्यासाठी केलेला. तो फाइलींचं फक्त गाठोडं बांधतो. ते दाबून लहान करण्याचं काम जीझिप, एक्सझेड असे दुसरे प्रोग्राम करतात.

फाइल मूळ प्रकल्पाच्या पानावरूनच उतरवा. सोबत एसएचए-२५६ चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेला, ठशासारखा आकडा) दिला असेल तर तो जुळवून बघा. चेकसम जुळला म्हणजे फाइल वाटेत बिघडली नाही, एवढंच कळतं. आत काय भरलंय याची हमी त्यातून मिळत नाही. मार्च २०२४ मध्ये खुद्द एक्सझेडच्याच ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांच्या अधिकृत टारबॉलमध्ये चोरदरवाजा सापडला होता.

आता टर्मिनल उघडा आणि फाइल ज्या फोल्डरात आहे तिथे जा. खालच्या कमांड छोट्या रोमन अक्षरांत टाइप करायच्या. उघडण्याआधी आत डोकवा:

टार -टीएफ फाइलचं-नाव

यादीतली सगळी नावं एकाच फोल्डरच्या नावाने सुरू होत असतील तर ठीक. नसतील तर आधी रिकामं फोल्डर करून त्यात उघडा, नाहीतर शेकडो फाइली डाउनलोड्समध्ये विखुरतील. मग:

टार -एक्सएफ फाइलचं-नाव

जुन्या मार्गदर्शकांत यात झेड किंवा जे हे अक्षरही घालायला सांगतात. लिनक्सवरचा टार प्रकार स्वतःच ओळखतो, त्यामुळे ते पाठ करू नका.

आत गेल्यावर रीडमी वाचा. कंटाळवाणी असते, पण निम्म्या अडचणी तिथेच सुटतात. बिन नावाचं फोल्डर किंवा थेट चालणारी फाइल दिसली तर सॉफ्टवेअर तयार आहे. फाइलच्या नावाआधी टिंब आणि स्लॅश देऊन ते चालवा; शेल (टर्मिनलमधल्या कमांड चालवणारा प्रोग्राम) चालू फोल्डरात आपणहून शोधत नाही, म्हणून हे लागतं. ‘परमिशन डिनाइड’ आलं तर सीएचमॉड +एक्स देऊन परवानगी द्या. ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ आलं तर बहुधा दुसऱ्याच प्रोसेसरची फाइल उतरवली गेली आहे. युनेम -एम विचारलं की तुमचा प्रोसेसर कळतो.

कॉन्फिगर नावाची फाइल दिसली तर मात्र हा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर आहे आणि तो कंपाइल करावा, म्हणजे चालणाऱ्या प्रोग्राममध्ये बदलावा लागेल. उबुंटूवर त्यासाठी बिल्ड-इसेन्शियल हे पॅकेज आधी बसवा. मग एकेक करून:

./कॉन्फिगर --प्रीफिक्स=$होम/ऑप्ट/नाव-आवृत्ती
मेक
मेक इन्स्टॉल

यातला ‘होम’ तेवढा कॅपिटल अक्षरांत. प्रीफिक्स म्हणजे सॉफ्टवेअर कुठे बसवायचं तो पत्ता. तो दिला नाही तर बहुतेक सॉफ्टवेअर यूएसआरमधल्या लोकल फोल्डरात जातं आणि शेवटच्या पायरीला सुडो (प्रशासकाच्या अधिकाराने कमांड चालवणं) लागतं. नवख्याने सुडोच्या वाटेला जाऊच नये, असं माझं मत.

अडायचं ते बहुधा कॉन्फिगरपाशीच. शेवटच्या ओळीत समजा लिबपीएनजी ही लायब्ररी (दुसऱ्या प्रोग्रामांनी वापरायचा तयार कोड) सापडली नाही असं आलं. तुम्ही बघता, तर लिबपीएनजी आधीच बसलेलं असतं! पण कंपाइल करायला त्या लायब्ररीच्या हेडर फाइलीही (तिच्यात काय काय आहे ते कंपाइल करताना सांगणाऱ्या) लागतात आणि त्या वेगळ्या पॅकेजात असतात. डेबियन-उबुंटूवर अशा पॅकेजच्या नावाला डेव्ह ही शेपटी असते, फेडोरावर डेव्हल. ते बसवा आणि कॉन्फिगर पुन्हा चालवा. नेमकं काय बिनसलं ते त्याच फोल्डरातल्या कॉन्फिग डॉट लॉगमध्ये सापडतं. मात्र ही फाइल शेवटून वर वाचत जाऊ नका, ‘एरर’ हा शब्द शोधा. कॉन्फिगरऐवजी सीमेक किंवा मेसनच्या फाइली असतील तर कमांड वेगळ्या असतात, त्या रीडमीतून घ्या.

कुठूनही नुसतं नाव टाइप करून सॉफ्टवेअर चालावं यासाठी होममधल्या डॉट-लोकलमध्ये बिन फोल्डर करा आणि त्यात एलएन -एस वापरून मूळ प्रोग्रामची लिंक ठेवा. उबुंटूवर हे फोल्डर नव्याने केलं असेल तर एकदा लॉगआउट करून परत या, मगच ते पाथमध्ये, म्हणजे शेल जिथे प्रोग्राम शोधतो त्या फोल्डरांच्या यादीत, येतं.

प्रत्येक सॉफ्टवेअरला स्वतंत्र फोल्डर दिल्याचा फायदा काढताना कळतो. मेक अनइन्स्टॉलची सोय सगळ्यांत नसते. इथे ते एक फोल्डर आणि लिंक उडवली की काम झालं. नवी आवृत्ती आली की ती शेजारी बसवा, लिंक तिकडे वळवा आणि नवी नीट चालेपर्यंत जुनीला हात लावू नका.