अमेरिकेत भागीदारीच्या खासगी जेटवर वैमानिक व्हायचे असल्यास

एका खासगी जेटची मालकी अनेकांनी हिश्श्यांत वाटून घ्यायची आणि विमान कंपनीने चालवायचे, ही झाली भागीदारी. १९८६ साली नेटजेट्स या अमेरिकी कंपनीने रूढ केलेल्या या पद्धतीत विमानाचा सोळावा हिस्सा घेणाऱ्यालाही वर्षाला साधारण ५० तासांचे उड्डाण मिळते आणि अल्प सूचनेवर विमान हजर करावे लागते. वैमानिकाच्या दिनक्रमातली सारी अनिश्चितता इथूनच येते.

अर्ज करण्यापूर्वी फ्लाइट लॉगबुक, म्हणजे आपल्या उड्डाणतासांची नोंदवही, चोख करा. अमेरिकी नियमांनुसार अशा जेटच्या कॅप्टनला किमान १,५०० उड्डाणतास आणि एटीपी (वैमानिकाचा सर्वोच्च श्रेणीचा) परवाना लागतो, तर सहवैमानिकाला किमान ५०० तास. कंपन्यांच्या अपेक्षा मात्र याहून अधिक असू शकतात.

सात दिवस काम व सात दिवस सुटी हे वेळापत्रक येथे प्रचलित आहे. कामाच्या पहिल्या दिवशी बहुधा प्रवासी विमानाने, तेही प्रवासी म्हणून, आपले जेट जिथे उभे असेल तिथे पोहोचावे लागते, म्हणून आठवड्याची बॅग थंडी आणि उकाडा दोन्ही गृहीत धरून भरावी.

केबिन क्रू नसलेल्या लहान जेटवर सामान चढवणे, खाद्यपदार्थ तपासणे, केबिन आवरणे ही कामे वैमानिकच करतात. ज्यांना यात कमीपणा वाटतो त्यांनी एअरलाइनच गाठावी, हे बरे. कोलोरॅडोतील अॅस्पेनसारख्या सुमारे ७,८०० फूट उंचीवरच्या, डोंगरांनी वेढलेल्या धावपट्टीसाठी उतरण्याआधीच, उतरणे रद्द करावे लागल्यास माघारी वळण्याचा मार्ग आणि पर्यायी विमानतळ दोघा वैमानिकांनी मोठ्याने बोलून ठरवावा. मालक घाईत असला, तरी दोन पाळ्यांमधले विश्रांतीचे दहा तास सोडू नयेत.